सत्कार नको, गाडीत एक सीट ठेवा

माननीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

थंडी सरली की दरवर्षी तुमच्या पुरवणीत सहकुटुंब कुठे जाल, कसे जाल, एका दिवसात काय काय होईल असे लेख यायला लागतात, मी ते आवडीने वाचते, कात्रणंसुद्धा काढून ठेवते (त्यातल्या निम्म्या ठिकाणी अजून गेलेली नाही ते सोडा). पण त्यात एक गोष्ट कधीच नसते. कुठे जायचं, किती वाजता निघायचं, सोबत काय घ्यायचं सगळं असतं, कोणाला घेऊन जायचं हे मात्र कोणी लिहीत नाही. कुटुंबाची सहल म्हणजे कुटुंबच जाणार ना, त्यात लिहायचं काय, असं तुम्ही म्हणाल. तेवढ्यासाठीच हे पत्र आहे. जरा लांबलंय, कात्री लावलीत तरी चालेल, फक्त खुर्चीचा भाग ठेवा.

आमच्या घरात वसंतातल्या सहलीचा एकच नियम होता आणि तो आईचा होता. निघताना गाडीत निदान एक माणूस आपल्या घरातलं नसलेलं पाहिजे. गाडी पाच जणांची आणि आम्ही पाच जण, आईबाबा, दादा, मी आणि धाकटी, म्हणजे गणित पहिल्यापासूनच चुकलेलं. आम्ही कुरकुर केली की आईचं उत्तर ठरलेलं, "सरका की जरा." मग धाकटी दादाच्या मांडीवर, मी मधल्या उंचवट्यावर पाय घेऊन आखडून, आणि खिडकी पाहुण्याला. खिडकीबद्दल तडजोड नव्हती. आणि खिडकी गेली की मला उलटी व्हायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, तरीसुद्धा.

कोण कोण यायचं म्हणाल तर यादी मोठी आहे. तळमजल्यावरच्या आजी, ज्यांचे गुडघे गेल्यामुळे त्या उंबऱ्याच्या पलीकडे फक्त डॉक्टरकडे जायला निघायच्या. शेजारच्या घरातला एक मुलगा, आईवडील दोघंही शिफ्टमध्ये कामाला, त्याला सुट्टी म्हणजे कुलपाआड टीव्ही. एक निवृत्त सर होते, बायको गेल्यापासून कोणाशी बोलत नव्हते, आमच्याशीही बोलले नाहीत पहिल्या वेळी, अख्खा दिवस. परत आल्यावर मी आईला म्हटलं, एवढं कशाला नेलंस, ते तर एक शब्द बोलले नाहीत. आई म्हणाली, "बोलायला नेलं नव्हतं, न्यायला नेलं होतं." तेव्हा मला हे काहीच कळलं नाही. आता अर्धं कळतं.

पुढच्या वर्षी मात्र तेच सर बोलले, आणि ते पण माझ्याशीच. मी गाडीत मान खाली घालून गोष्टीचं पुस्तक वाचत होते, तोंडाला पाणी सुटायला लागलं होतं, तर ते शांतपणे म्हणाले, पुस्तक मीट आणि समोरच्या काचेतून तो लांबचा डोंगर दिसतोय ना त्याच्यावर डोळे ठेव. आणि मग समजावून सांगितलं की कानाच्या आतल्या भागाला कळत असतं आपण हलतोय, डोळ्यांना मात्र पुस्तकाचं स्थिर पान दिसत असतं, मेंदूला दोन वेगळे निरोप जातात आणि तो गोंधळला की पोट ढवळतं. लांब बघितलं की दोन्ही निरोप जुळतात. त्या दिवशी मला उलटी झाली नाही. माझ्या मुलांनाही मी हेच सांगते. सरांनी त्या दिवशी खिडकी मला दिली होती, आईने डोळे वटारले, त्यांनी ऐकलं नाही.

आता खुर्ची. आईच्या सहलीच्या सामानात एक हिरवी घडीची खुर्ची असायची, पत्र्याच्या पायांची, कापडाची बैठक एका बाजूने उसवलेली आणि तिने जाड दोऱ्याने परत शिवलेली. चटई आमच्यासाठी, खुर्ची आजींसाठी. कारण खाली बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठताना दोन जणांनी धरून उठवावं लागतं आणि ते चारचौघांत नको वाटतं, म्हणून माणूस आधीच म्हणतो की मला यायचंच नाही. आई म्हणायची की लोक नाही का म्हणतात ते शोधून काढायचं, बहुतेक वेळा ते नाही सहलीला नसतं, जमिनीवर बसण्याला असतं. नाहीतर बाथरूमला असतं. त्यामुळे आमच्याकडे कुठलंही ठिकाण ठरवायच्या आधी आई स्वतः किंवा बाबा एकदा जाऊन यायचे, संडास उघडा असतो का, कडी लागते का, पाणी येतं का, किती पायऱ्या आहेत, बाक सावलीत आहे का उन्हात. फुलं किती फुललीत हे शेवटी. आम्हाला लाज वाटायची याची, कोणाची आई सहलीआधी संडास बघायला जाते!

पाण्याचंही तसंच. तिच्या पिशवीत दोन बाटल्या जास्तीच्या असायच्या आणि ती पाणी हवंय का असं विचारायची नाही, सरळ पेला हातात द्यायची. वय वाढलं की तहान लागल्याची जाणीवच कमी होते, शरीराला पाणी हवं असतं पण माणूस म्हणतो मला नकोय, आणि वसंतातलं ऊन फसवं असतं, सकाळी गार वारा असतो म्हणून कोणी मनावर घेत नाही आणि अकरानंतर चटके बसतात. हे तिला कुठल्या डॉक्टरने सांगितलं होतं का स्वतःच्या सासूकडे बघून कळलं होतं माहीत नाही. पण तिच्या सहली सकाळी लवकर निघायच्या आणि उन्हं चढायच्या आत सावलीत असायच्या.

एक किस्सा लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या जवळच्या एका बागेच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या, उंची साधारण दीड फूट. आजी नंतर नंतर चाकाच्या खुर्चीत होत्या. आईने बागेचं काम बघणाऱ्या ऑफिसला पत्र लिहिलं, मग परत लिहिलं, मग जाऊन बसली. काही महिन्यांनी उतार झाला एकदाचा, आम्ही आजींना घेऊन गेलो आणि बघतो तर काय, घसरगुंडी! जेमतेम पाच फूट लांबीत दीड फूट चढवलेला. बाबा आणि दादा दोघांनी जोर लावून खुर्ची वर नेली, उतरताना आजींनी डोळे मिटून घेतले होते. चाकाच्या खुर्चीच्या उताराचा साधा नियम आहे, एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे इथे अठरा फूट हवे होते. आईला हा नियम आधी माहीत नव्हता, त्या दिवसानंतर तिने तो कुठून तरी शोधून काढला आणि पाठ केला, आणि शिवणाची टेप पर्समध्ये ठेवायला लागली. खोटं नाही सांगत, आजही असते. कुठेही उतार दिसला की ही वाकून मोजते, आम्ही चार पावलं पुढे जाऊन ओळख नसल्यासारखे उभे. त्या बागेचा उतार शेवटी दुसऱ्यांदा बांधला गेला, पण तोवर आजी नव्हत्या. त्यांच्यासाठी मागितलेला उतार आता बाळांच्या ढकलगाड्यांना उपयोगी पडतो, सकाळी बघा कधीही, रांग असते.

आजींवरून आठवलं. त्या झाडांकडे फार बारकाईने बघायच्या. आम्ही पळापळी करायचो आणि त्या खुर्चीत बसून एकाच झाडाकडे तासभर. एकदा मला हाक मारून म्हणाल्या, ही पालवी बघ, हिरवी नाहीये, तांबडी आहे, लहान बाळाच्या तळव्यासारखी. खरंच होती. बऱ्याच झाडांची कोवळी पानं आधी तांबूस किंवा जांभळट असतात, त्यात अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं, कोवळ्या पानाला कडक उन्हापासून ते थोडं सांभाळतं असं मानतात, पान तयार झालं की हिरवा रंग वर येतो. जुनं पान गळतं तेही नुसतं वाऱ्याने तुटत नाही, देठाच्या बुडाशी झाड स्वतःच पेशींचा एक थर कमकुवत करून घेतं आणि जखम आधीच बंद करून ठेवतं, मग पान पडतं. हे सगळं मी खूप नंतर वाचलं. आजींना यातलं काही माहीत नव्हतं पण पान लाल असतं हे त्यांनी बघितलं होतं आणि मी, रोज शाळेत त्याच झाडाखालून जाणारी, मी बघितलं नव्हतं.

त्या शेवटी हॉस्पिटलात होत्या तेव्हा आईने नर्सच्या मागे लागून त्यांची कॉट खिडकीजवळ घेतली होती. आम्हाला वाटलं ही उगीच सगळ्यांना त्रास देते. पण १९८४ साली रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाचा एक पेपर आला होता, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटांच्या तेवीस जोड्या त्याने लावल्या, एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास छोटा होता, एकाच हॉस्पिटलातला, त्यावरून लगेच झाड म्हणजे औषध असं म्हणू नये. पण ज्याला बाहेर नेता येत नाही त्याला निदान बाहेरचं दाखवावं एवढं म्हणायला हरकत नसावी.

तर यंदा आई पंच्याहत्तर वर्षांची झाली. बाबा आता नाहीत. आम्हा भावंडांचा व्हॉट्सअॅप ग्रुप दोन महिने नुसता पेटला होता. दादाचं म्हणणं हॉल घेऊ, फोटोचा मोठा फ्लेक्स लावू, तिने आयुष्यभर लोकांसाठी एवढं केलंय तर चार लोकांनी स्टेजवर येऊन बोललं पाहिजे, एक मानपत्र छापून घेऊ. धाकटीला व्हिडिओ करायचा होता, मागे संगीत वगैरे. मीही फ्लेक्सच्या बाजूची होते हे कबूल करते, रंगसुद्धा निवडला होता. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "माझा फोटो लावाल तर मी त्या दिवशी घरी झोपून राहीन." आणि राहिली असती.

त्याच दिवसांत मदर्स डे कसा सुरू झाला ते वाचनात आलं आणि मी चक्रावलेच. आपल्याला वाटतं कार्ड कंपन्यांनी काढलेलं खूळ. तसं नाहीये, उलट आहे. अमेरिकेत अ‍ॅन रीव्हज जार्विस नावाची बाई होती, तिची बरीच मुलं लहानपणीच आजाराने गेली, आणि तिने १८५८ च्या सुमारास आसपासच्या गावांतल्या आयांना गोळा करून गट केले. काम काय, तर स्वच्छता शिकवायची, दूध चांगलं आहे का बघायचं, ज्या घरात आई क्षयाने अंथरुणावर आहे तिथे मदतीला माणूस द्यायचं, औषधाला पैसे जमवायचे. मग तिथे यादवी युद्ध झालं तर या बायकांनी दोन्ही बाजूंच्या सैनिकांची शुश्रूषा केली, आणि युद्ध संपल्यावर १८६८ मध्ये तिने दोन्हीकडच्या कुटुंबांना एकत्र आणणारा मैत्रीचा दिवस भरवला. १९०५ च्या मे महिन्यात ती गेली. तिची मुलगी अ‍ॅना, हिने आईच्या आठवणीसाठी १० मे १९०८ ला ग्राफ्टन गावातल्या चर्चमध्ये प्रार्थना ठेवली आणि आईला आवडायची म्हणून पांढऱ्या कार्नेशनची पाचशे फुलं पाठवली. १९१४ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी मे महिन्याचा दुसरा रविवार अधिकृत करून टाकला. ऐन वसंतातला दिवस.

आणि मग फुलवाले आले, कार्डवाले आले, मिठाईवाले आले. अ‍ॅना इतकी वैतागली की उरलेलं आयुष्य तिने स्वतःच सुरू केलेल्या दिवसाविरुद्ध भांडण्यात घालवलं, कोर्टकचेऱ्या केल्या, तयार कार्ड पाठवणं म्हणजे आईला स्वतः पत्र लिहायचा आळस असं तिचं म्हणणं होतं. १९४८ मध्ये ती एका शुश्रूषागृहात वारली, जवळ पैसा उरला नव्हता. मला वाईट कशाचं वाटलं सांगू, दिवस सगळ्या जगात पोचला, फुलं पोचली, आणि अ‍ॅनच्या त्या गटांचं नाव आज कोणाला माहीत नाही. दूध तपासणाऱ्या, आजारी घरात माणूस पाठवणाऱ्या बाईचा दिवस, आणि आपण त्या दिवशी आईला सांगतो आज तू काही करू नकोस, बसून राहा.

हे मी ग्रुपवर टाकलं. बराच वेळ कोणी काही बोललं नाही, मग दादाने लिहिलं, फ्लेक्स कॅन्सल. त्याला फ्लेक्सचा अ‍ॅडव्हान्स परत मिळाला नाही, तो राग त्याने माझ्यावर काढला, असो.

ठरलं ते असं. पहिलं म्हणजे आम्ही तिघांनी आणि पाच नातवंडांनी तिला एकेक पत्र लिहायचं, हाताने, आणि त्यात तू किती महान वगैरे नाही, एकच प्रसंग, आपण डोळ्यांनी बघितलेला. मला वाटत होतं हे फार ऑकवर्ड होणार, आमच्याकडे असं कोणी कोणाला बोलत नाही. २०१८ मध्ये अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी नेमकं यावरच काम केलंय, आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला वाटतं की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल आणि आपले शब्द बरोबर पडतील की नाही, पण घेणाऱ्याला विचारलं तर तो कितीतरी जास्त खूश झालेला असतो आणि अवघडलेला कमी. आमच्या आईने काय केलं, चष्मा लावला आणि सगळी पत्रं पेन घेऊन वाचायला बसली. धाकटीच्या पत्रात शेजारचा मुलगा रविवारी यायचा असं होतं, तिथे खाडाखोड करून शनिवार लिहिलं, "रविवारी त्याचा बाप घरी असायचा." माझ्या पत्रातला उताराचा आकडा तपासला. दादाच्या पत्राशी थांबली. त्याने लिहिलं होतं की एकदा ती तापात असताना शेजारच्या मुलाला शाळेत सोडायला गेली आणि दादा स्वतः त्या दिवशी शाळेत एकटा गेला, तेव्हा त्याला खूप राग आला होता आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. तिने ते पत्र घडी करून टेपच्या शेजारी पर्समध्ये ठेवलं. बोलली काहीच नाही. रात्री दादाला फोन केला होता एवढं वहिनीकडून कळलं. मला वाटतं सत्काराच्या भाषणात हे वाक्य कधीच आलं नसतं, आणि आलं पाहिजे होतं, कारण आईचा चांगुलपणा आम्हा पोरांच्या वाटणीतून पण गेलेला आहे, तो काय आकाशातून पडत नव्हता.

दुसरं म्हणजे सहल. तीन गाड्या, प्रत्येक गाडीत एक सीट रिकामी, तिथे बाहेरचं माणूस, आणि ते आईने नाही, आम्ही शोधायचं. आणि इथे आमची चांगलीच जिरली. मी ज्या बिल्डिंगमध्ये बारा वर्षं राहते तिथे कोणाला विचारायचं हेच मला माहीत नव्हतं! चौथ्या मजल्यावर एक काका एकटे असतात एवढं लिफ्टमध्ये दिसतं, नाव पार्सलवर वाचलेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात म्हटलंय की जगात सहापैकी एका माणसाला एकटेपणा जाणवतो. आमच्या लिफ्टमध्ये सहा माणसं मावतात. मी गेले आणि म्हटलं, काका रविवारी आम्ही तुम्हाला फिरायला नेतोय. ते म्हणाले नको नको, कशाला तुम्हाला त्रास, आणि दार लागलं. झालं.

आईला सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणे असं विचारतात का कोणी, तू त्याला पेशंट केलंस. तिची पद्धत मला पन्नाशीला आल्यावर कळली. ती कधीच न्यायला येते म्हणायची नाही, ती काम सांगायची. सर, मुलांना पक्षी ओळखता येत नाहीत, तुम्ही आलात तर बरं होईल. आजी, माझ्यासोबत बाईमाणूस कोणी नाही, हे बापलेक पुढे निघून जातात, तुम्ही चला. शेजारच्या मुलाला, अरे सामान उचलायला एक माणूस कमी आहे. म्हणजे त्यांना वाटायचं आपण हिच्यावर उपकार करतोय! मी दोन दिवसांनी परत गेले आणि म्हटलं काका, आमच्या गाडीला वाट दाखवायला कोणीतरी लागेल, मोबाइलच्या मॅपवर माझा भरवसा नाही. काका म्हणाले, कुठे जायचंय ते सांगा आधी.

(वाट काकांनी चुकवली हे इथे सांगितलं पाहिजे. पाऊण तास आम्ही भलत्याच रस्त्याला होतो. पण ते इतके रंगात येऊन जुन्या रस्त्यांच्या गोष्टी सांगत होते की माझ्या मुलीने मॅप बघितला, मला दाखवला आणि गुपचूप बंद केला.)

सहल काय फार भारी झाली असं नाही. पोचलो तर तिथल्या संडासाला कुलूप, चावीवाला नऊनंतर येणार, म्हणजे आधी जाऊन बघायचा नियम आम्ही मोडला होता आणि आईने एकदाच माझ्याकडे बघितलं. धाकटीने आणलेल्या बाई, तिच्या ऑफिसात पूर्वी काम करायच्या त्या, त्यांना परागकणांची अ‍ॅलर्जी निघाली, वसंतात कोरड्या वाऱ्याच्या दिवशी हे होणारच, शिंका थांबेनात. आईने ओला रुमाल दिला, वाऱ्याच्या उलट्या बाजूला भिंतीआड जागा बघून दिली, दुपारपर्यंत बऱ्या होत्या. काका चटईवर बसायला तयार नव्हते, आणि नेमकी खुर्ची आणायची कोणाला आठवण नव्हती. तर आई उठली, दादाच्या डिकीत तळाशी हात घातला आणि ती हिरवी खुर्ची काढली. तिने आदल्या रात्रीच ठेवली होती. तीच, दोऱ्याने शिवलेली.

काका तिच्यात बसले, अर्धा तास नातवंडांचा धिंगाणा बघितला, मग मान कलली आणि झोपले. भर गोंगाटात, तोंड उघडं टाकून, गाढ. एक पिवळं पान येऊन त्यांच्या शर्टाच्या खिशावर अडकलं होतं. माझा मुलगा उठवायला निघाला तर आईने त्याला धरलं, म्हणाली झोपू दे, घरी एकट्याला झोप लागत नसेल. तिच्या वाढदिवसाचा केक तिथेच कापायचा होता, तो काका उठेपर्यंत दीड तास थांबला. सगळ्या फोटोंमध्ये आई कडेला आहे, एका फोटोत तर फक्त पाठ, धाकट्या नातवाची हरवलेली चप्पल झुडपात शोधताना.

म्हणून संपादक साहेब दोनतीन मागण्या आहेत, मान्य झाल्या तर बघा. पुढच्या वर्षी सहलीची यादी छापाल तेव्हा प्रत्येक ठिकाणाखाली चार शब्द जास्त छापा, संडास किती वाजता उघडतो, पायऱ्या किती, उतार आहे का, बाक सावलीत आहेत का. तुमच्या बातमीदाराला टेप लागली तर आमच्याकडे आहे. बागा सांभाळणाऱ्या सगळ्याच मंडळींना पण सांगा की वसंतात माणसं सकाळी सहाला येतात, म्हातारी तर त्याच्याही आधी, चावी नऊला येऊन उपयोग काय. आणि तिसरं जरा नाजूक आहे. तुमच्याकडे चांगल्या माणसांबद्दल बहुतेक वेळा ती गेल्यावर छापून येतं, चौकटीत, काळ्या रेघेत. आजींबद्दल चार ओळी मी तेव्हा तुम्हाला पाठवल्या होत्या, छापल्यात, आभारी आहे, पण त्या वाचायला आजी नव्हत्या. जिवंत माणसाबद्दल छापायला एखादा कोपरा ठेवता आला तर बघा, आणि त्यात पदव्या आणि पदं नकोत, लेकीसुनांनी, पोरांनी, शेजाऱ्यांनी बघितलेला एकेक प्रसंग, दादासारखा रागाचा असला तरी. आईचं नाव मात्र छापू नका, मला घरात राहायचंय.

येत्या रविवारी आम्ही परत निघतोय, लांब नाही, नदीकाठापर्यंतच. काकांनी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना विचारलंय, मला न विचारता. म्हणजे आता गाडीत एक माणूस जास्त होतंय आणि माझा मुलगा मांडीवर बसायच्या वयाचा राहिलेला नाही. सरकून बघू.

आपली नियमित वाचक,
(नाव छापू नये ही विनंती)

ता.क. पत्र पोस्टात टाकायच्या आधी आईने वाचायला मागितलं. तिचं म्हणणं, आजींच्या वेळची खुर्ची निळी होती, ती तिने हॉस्पिटलात आजींच्या सोबतीला बसणाऱ्या बाईंना दिली आणि ती परत आली नाही. हिरवी नंतरची. शिवण मात्र दोन्हींना होती. मी पत्र बदललेलं नाही, पण तिने तुम्हाला कळवायला सांगितलंय.